‘चालेल का?’ हा पहिला प्रश्न नको

दर काही महिन्यांनी तोच व्हिडिओ नव्याने फिरू लागतो. माणूस बदलतो, यंत्र बदलतं, बाकी सगळं तसंच. कमरेखालचा भाग लुळा पडलेला कुणीतरी खुर्चीतून उठतो, यंत्राच्या किंवा विजेच्या आधाराने चार-सहा पावलं टाकतो, भोवतालची माणसं टाळ्या वाजवतात, कोणाचे तरी डोळे भरून येतात. आणि त्याखाली भांडण जुंपतं. एक बाजू म्हणते, बघा, डॉक्टरांनी ‘आता उठणार नाही’ म्हणून सांगितलेला माणूस उठला. जिद्द असली की काय होत नाही! दुसरी बाजू म्हणते, हा तमाशा बंद करा. खुर्चीतलं जगणं हे काही अर्धं जगणं नव्हे, बदलायच्या तर पायऱ्या बदला, माणूस कशाला बदलता? दोन्हीकडे थोडं थोडं खरं आहे. पण मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचा दिवस सकाळी कसा सुरू होतो आणि रात्री कसा संपतो, याचा मागमूस दोघांच्याही बोलण्यात नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पुनर्वसनाचं यश पावलांत मोजणं चूक आहे. पण म्हणून हालचाल परत मिळवायचा नाद सोडा, असं सांगणंही तितकंच चूक. शरीरात जे परत येऊ शकतं ते आणलंच पाहिजे, त्यासाठी महिनोन् महिने खपलं पाहिजे, आणि त्याला लागणारा वेळ व पैसा हक्काने मागितला पाहिजे. फक्त कुठली हालचाल आधी, हे टाळ्या वाजवणाऱ्यांनी ठरवायचं नाही. ज्याला त्या शरीरात राहायचं आहे, त्याला विचारायचं. आणि एकदा का खरंच विचारलं, की उत्तर बहुतेक वेळा पायांपाशी येत नाही.

पायांचा हा हट्ट येतो कुठून? थोडा भाषेतून येतो, असं मला वाटतं. कमावता झालेला मुलगा ‘स्वतःच्या पायावर उभा राहतो’. चांगली धडधाकट असलेली आजी ‘हिंडती-फिरती’ असते. धंदा चालतो, संसार चालतो, काहीच अडचण नसली की आपण ‘चालेल’ म्हणतो. ज्या भाषेत पायावर उभं राहणं म्हणजेच स्वाभिमान, तिथे ज्याचे पाय गेले त्याचं सगळंच गेलं असं वाटणं ओघाने आलं. अतिदक्षता विभागाच्या दारात नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो ‘चालेल का?’ आणि डॉक्टरने नकारार्थी मान हलवली की पुढचं ऐकूच येत नाही. पुढे मात्र बरंच काही सांगायचं असतं.

मज्जारज्जू म्हणजे फक्त पायांची तार नव्हे. करंगळीएवढ्या जाडीची ही दोरी मेंदूपासून कमरेच्या वरच्या मणक्यापर्यंत उतरते आणि इजेच्या पातळीखालचं सगळंच तिच्या भरवशावर असतं. लघवी भरली आहे हे कळणं, ती थांबवणं, शौचावरचा ताबा, घाम येणं, रक्तदाब सांभाळणं, लैंगिक संवेदना, खोकून कफ बाहेर टाकण्याची ताकद, एका कुशीवर फार वेळ झाला म्हणून झोपेत आपोआप वळणं, हे सगळं तिच्यातूनच जातं. छातीच्या सहाव्या पातळीच्या वर इजा असेल तर मुडपलेल्या कॅथेटरसारख्या (लघवी काढायच्या नळीसारख्या) क्षुल्लक कारणानेही रक्तदाब जीवघेणा चढू शकतो. गंमत अशी की, यातलं बरंच काही प्राचीन इजिप्तमधल्या एका वैद्याला दिसलं होतं. एडविन स्मिथ पपायरस या नावाने ओळखली जाणारी गुंडाळी इसवी सनापूर्वी 1600च्या सुमाराची. तीत मान निखळलेल्या माणसाचं वर्णन आहे: त्याला आपल्या हातांचं भान नाही, पायांचं भान नाही, आणि त्याच्या नकळत लघवी ठिबकते आहे. शेवटी निवाडा दिला आहे की, या दुखण्यावर उपचार करायचा नाही. निवाडा चुकला असेल, पण पाहणी पुरी होती. साडेतीन हजार वर्षांनी निवाडा सुधारला आणि आपली नजर मात्र पायांवर खिळली.

आता ‘जिद्द’वाल्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतो. ‘होणार नाही’ असं म्हणणारे तज्ज्ञ वारंवार तोंडावर पडले आहेत. पहिल्या महायुद्धात अशी इजा झालेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. त्यांना वाचवता येईल असं मानणाऱ्याला लोक वेड्यात काढत. न्यूरोशास्त्राचे जनक मानले जाणारे सांतियागो रामोन इ काहाल यांनी प्रौढ मेंदू-मज्जारज्जूतले मार्ग पुन्हा वाढत नाहीत असा निष्कर्ष मांडला, आणि तो पुढे अनेक दशकं दगडावरच्या रेघेसारखा राहिला. 1981 साली डेव्हिड आणि आगुआयो यांनी दाखवलं की, हातापायांतल्या मज्जातंतूचा तुकडा जोडून योग्य वाट दिली तर मज्जारज्जूतले तंतूही वाढतात. म्हणजे दोष बियाण्याचा नव्हता, जमिनीचा होता. पोलिओच्या बाबतीतही तेच. ऑस्ट्रेलियाची परिचारिका एलिझाबेथ केनी प्लास्टर आणि फळ्यांत जखडलेली मुलं मोकळी करायला सांगत होती, गरम कापडाने शेकायला आणि स्नायू हलवायला सांगत होती. मोठमोठ्या डॉक्टरांनी तिची टर उडवली. तिचं स्पष्टीकरण चुकीचं होतं, उपचार मात्र बरोबर निघाला. मग आज कुणी डॉक्टर ‘यापुढे काही परत येणार नाही’ म्हणाला तर त्याच्यावर विश्वास का ठेवायचा?

हा मुद्दा मी झटकून टाकत नाही. उलट त्यात आणखी भर घालतो. असं भाकीत स्वतःच स्वतःला खरं करतं. परत येणार नाही म्हणून व्यायाम दिला नाही, व्यायाम दिला नाही म्हणून परत आलं नाही, आणि परत आलं नाही म्हणून डॉक्टर बरोबर ठरला! 1911 सालीच ग्रॅहम ब्राऊन यांनी दाखवलं होतं की, मेंदूपासून तोडलेल्या मज्जारज्जूतही पावलांचा ठेका निर्माण करायची कुवत असते. पुढे मज्जारज्जू पूर्ण कापलेल्या मांजरांना फिरत्या पट्ट्यावर शिकवून पावलं टाकायला लावलं गेलं. तरी माणसांच्या वॉर्डात ही गोष्ट पोचायला विसाव्या शतकाची अखेर यावी लागली. एवढा उशीर निव्वळ निराशेच्या सवयीमुळे झाला.

मग माझा आक्षेप कशावर आहे? निराशेविरुद्धच्या या लढाया नेमक्या कशाच्या बळावर जिंकल्या गेल्या, हे सांगताना कथा बदलली जाते, त्यावर. सगळ्यात मोठी लढाई घ्या. नाझी जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी फेब्रुवारी 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल इथे मज्जारज्जूच्या जखमींसाठी विभाग सुरू केला. मरायला ठेवलेली माणसं तिथे जगू लागली. कशाने? दिवसरात्र, दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाला कुशीवर वळवण्याने. कातडी फुटू न देण्याने. निर्जंतुक पद्धतीने लघवी काढण्याने. आणि मग खांदे-दंड बळकट करून, खुर्चीत बसवून, कामाला आणि खेळायला लावण्याने. 29 जुलै 1948 रोजी लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होत असताना त्यांनी आपल्या आवारात 16 माजी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक आलं. या विषयाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी क्रांती एकाही पावलाविना झाली. तिचा व्हिडिओ काढला असता तर त्यात काय दिसलं असतं? रात्री तीन वाजता एक परिचारिका झोपलेल्या माणसाला कुशीवर वळवते आहे. कोण पाहणार होतं ते?

अलीकडच्या शोधांचंही तसंच. 2011 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका तरुणाची हकीकत छापून आली. पाठीच्या कण्यात बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून सौम्य वीज सोडली की तो स्वतःचं वजन पेलून उभा राहत होता. बातमी झाली ती उभं राहण्याची. पण त्याच लेखात त्याच्या मूत्राशयात, शरीराचं तापमान सांभाळण्यात आणि लैंगिक क्रियेत सुधारणा झाल्याची नोंद होती. ती कुठल्या मथळ्यात आली? 2024 मध्ये मानेच्या कातडीवरून वीज देणाऱ्या उपकरणाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. जुनी इजा असलेले 60 जण, आधी दोन महिने नुसता व्यायाम, मग दोन महिने व्यायाम आणि वीज. त्यांतल्या 72 टक्के लोकांच्या हातांत ताकद आणि काम करण्याची क्षमता दोन्ही वाढली. हातांत! चिमूट बळकट होणं ही कॅमेऱ्याच्या दृष्टीने फारच किरकोळ घटना. ज्याला बारा वर्षं पेन धरता आलं नाही त्याच्या दृष्टीने किती मोठी, हे वेगळं सांगायला नको.

मुळात कोणी विचारलं आहे का? विचारलं आहे. स्वतः मज्जारज्जूची इजा झालेल्या संशोधक किम अँडरसन यांनी 2004 साली 681 जणांना हाच प्रश्न केला: काय परत आलं तर तुमचं आयुष्य सगळ्यात जास्त सुधारेल? चारही हातपाय गेलेल्यांनी सर्वाधिक पसंती दिली ती हातांना. फक्त पाय गेलेल्यांनी लैंगिक संवेदना आणि क्षमतेला. दोन्ही गटांत मूत्राशय आणि शौचावरचा ताबा वरच्या क्रमांकांत होता. चालणं कोणाला नकोच होतं असं नाही; हवं होतं, पण ते पहिलं नव्हतं. ही पाहणी दोन दशकं जुनी आहे, आणि अजूनही पुनर्वसनाचं पोस्टर पाहा. समांतर दांड्या धरून चालायचा सराव करणारा माणूस. नेहमी तोच.

हा प्राधान्यक्रमाचा वाद केवळ पोस्टरपुरता असता तर मी लेख लिहिला नसता. चुकीचं ध्येय हातातलं घालवतं, हे खरं दुखणं आहे. मानेच्या सहाव्या पातळीला इजा झालेल्या माणसाचं उदाहरण घेऊ. त्याचं मनगट वर उचललं जातं, पण बोटं हलत नाहीत. निसर्गाने एक सोय ठेवली आहे: मनगट वर केलं की बोटांचे कंडरे (स्नायू हाडाला जोडणारे दोर) ताणले जाऊन बोटं आपोआप आत वळतात, अंगठा तर्जनीच्या कडेला टेकतो, मनगट खाली सोडलं की मूठ उघडते. याला टेनोडेसिस म्हणतात. या निर्जीव बोटांच्या पकडीवर माणसं चमचा धरतात, कपडे ओढतात, स्वतःचं कॅथेटर स्वतः घालतात. पण पकड टिकायची तर बोटांचे कंडरे थोडे आखूड राहू द्यावे लागतात. म्हणून जाणते थेरपिस्ट मनगट आणि बोटं एकाच वेळी मागे ताणत नाहीत. आता घरातलं कुणीतरी मायेने, ‘बोटं आखडायला नकोत, उद्या हालचाल परत आली तर सरळ हवीत’ म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ती पूर्ण मागे ताणतं. सहा महिन्यांत हात पाहायला सुंदर होतो. सरळ, मऊ, आणि काहीच न धरू शकणारा. पूर्ण हाताच्या आशेने अर्धा हातही गेला. यात दोष कोणाचा? आशेचा नाही. आशेला ‘जसं होतं तसंच’ हे एकच रूप माहीत होतं, त्याचा आहे.

हातांबद्दल आणखी एक. स्वीडनचे शल्यविशारद एरिक मोबर्ग 1970च्या दशकात खांद्याच्या स्नायूचा मागचा भाग कोपर सरळ करण्याच्या कामाला जोडू लागले. हलता स्नायू एका कामावरून काढून दुसऱ्यावर लावायचा. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शल्यविशारदांनी चालू मज्जातंतूच्या शाखा बंद पडलेल्या स्नायूंना जोडून मूठ उघडण्याची आणि मिटण्याची क्रिया परत आणल्याचं प्रसिद्ध केलं. यांतल्या मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेला बहुधा मुदत असते. स्नायूचा स्वतःचा पुरवठा मेला असेल तर फार वाट पाहिल्यावर त्यात जीव धरत नाही. ‘आधी पाय बघू, हातांचं नंतर’ असं म्हणत वर्ष-दोन वर्षं घालवली, तर हे दार आवाजही न करता लागून जातं.

बरं, पायांवर केलेली मेहनत फुकट जाते का? नाही, आणि इथे मला सावध बोललं पाहिजे. इजा अर्धवट असेल, म्हणजे पातळीखाली थोडी संवेदना किंवा हालचाल शिल्लक असेल, तर चालणं हे अगदी वाजवी ध्येय आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या 146 रुग्णांवर केलेल्या एका चाचणीचा निष्कर्ष 2006 साली आला. निम्म्यांना दोराने वजन उचलून फिरत्या पट्ट्यावर चालवलं, निम्म्यांना साध्या जमिनीवर. दोन गटांत फरक निघाला नाही. पण पायांत हालचाल शिल्लक असलेले बहुतेक जण दोन्ही गटांत चालू लागले! यंत्राच्या जाहिरातदारांना हे रुचलं नसेल. मला यातून दोन गोष्टी दिसतात. सराव लागतोच. आणि त्या सरावासाठी महागड्या यंत्रापेक्षा मज्जारज्जूत वाचलेले धागे जास्त मोलाचे असतात.

म्हणूनच ‘जिद्द’ या शब्दाचा मला राग येतो. 2011 साली डच नेतृत्वाखालच्या युरोपीय संशोधकांनी इजेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतल्या तपासणीवरून वर्षभराने माणूस चालेल का याचा अंदाज बांधणारा नियम मांडला. त्यात पाच गोष्टी पाहतात: वय, गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूची ताकद, घोटा खाली दाबणाऱ्या स्नायूची ताकद, आणि पायावर दोन ठिकाणी हलका स्पर्श कळतो का. एवढ्यावर अंदाज बऱ्यापैकी नेमका येतो. त्या पाचांत जिद्द नाही. मेहनतीशिवाय शिल्लक धाग्यांचं चीज होत नाही, हे कबूल. पण धागेच उरले नसतील तर मेहनतीने ते उगवत नाहीत. ‘इच्छा तिथे मार्ग’ असं चालू लागलेल्याकडे बोट दाखवून म्हणणाऱ्याने, न चाललेल्याकडे बघून आपण काय म्हणतो आहोत याचा क्षणभर विचार करावा. त्याची इच्छा कमी पडली? आधीच खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मांडीवर आपण आळशीपणाचा आरोप ठेवून येतो, आणि त्याला प्रेरणा म्हणतो.

चुकीच्या मापापायी माणसांच्या पिढ्या कशा वाया जातात याचा एक दाखला इतिहासात आहे, आणि तो वेगळ्या अवयवाचा आहे. 1880 साली मिलानमध्ये बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिने ठराव केला की, बधिर मुलांना खुणांच्या भाषेत नव्हे, तोंडाने बोलायला शिकवून शिक्षण द्यावं. हेतू उदात्तच होता: मूल ‘आपल्यासारखं’ व्हावं. पुढची कित्येक दशकं या मुलांचा दिवस आरशासमोर ओठ हलवण्यात गेला. थोडी बोलू लागली, त्यांची प्रात्यक्षिकं झाली, टाळ्या पडल्या. बाकीच्यांना बोलणंही आलं नाही आणि ज्या वयात भाषा, गणित, इतिहास शिकायचा ते वयही हातून गेलं. 2010 साली व्हँकुव्हरच्या परिषदेने ते ठराव अधिकृतपणे नाकारले, एकशेतीस वर्षांनी. बोलणं आणि भाषा यांत जी गल्लत तेव्हा झाली, तीच चालणं आणि स्वावलंबन यांत आज होते आहे. समांतर दांड्यांमध्ये रोज तीन तास घालवणाऱ्याला खुर्चीवरून पलंगावर स्वतःहून सरकता येत नसेल, तर तो नेमका कशाचा सराव करतो आहे?

‘लोकांना चालताच माणूस हवा असतो, मग त्याने तरी काय करावं?’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय 1921 साली पोलिओने गेले. 1928 च्या पक्षाच्या अधिवेशनात ते पोलादी कॅलिपर कुलूपबंद करून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने मुलाचा दंड धरून मंचापर्यंत गेले. ते चालणं नव्हतं, चालण्याचा देखावा होता, आणि तो त्यांना भाग होता. खुर्चीतला माणूस निवडून आला नसता. छायाचित्रकार त्यांची खुर्ची टाळत. पण राज्यकारभार? तो बसूनच झाला. महामंदी आणि महायुद्ध, दोन्ही. समाजाच्या हट्टापायी जी किंमत रूझवेल्टना मोजावी लागली, ती आज इजा झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आणि कारकुनाने मोजावी, असं म्हणायचं आहे का?

एवढं वाचून दुसरी बाजू खूश झाली असेल. तिच्याशीही माझं भांडण आहे. खुर्ची म्हणजे पराभव नव्हे, हे तिचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पोलिओने मानेखाली लुळे पडलेले एड रॉबर्ट्स 1962 साली बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा त्यांचं लोखंडी फुफ्फुस (श्वास चालू ठेवणारं अवजड यंत्र) मावेल अशी खोली वसतिगृहात नव्हती, म्हणून त्यांना विद्यापीठाच्या रुग्णालयात राहावं लागलं. अडचण रॉबर्ट्स यांच्या शरीरापेक्षा खोलीच्या मापात होती, हे त्यांनी जगाला शिकवलं. उतार, रुंद दारं, मदतनीस, नोकरी हे सगळं मागितलंच पाहिजे. पण ‘समाज बदला, शरीराच्या मागे लागू नका’ इथवर गाडी आली की मी उतरतो. दाबाने फुटलेली कातडी उताराने भरून येत नाही. मज्जारज्जूच्या इजेतली जळजळती वेदना रुंद दाराने कमी होत नाही. वर्षानुवर्षं खुर्ची ढकलून झिजलेले खांदे दुखायचे ते दुखतातच, आणि ज्याचे पाय गेले त्याचे खांदे गेले म्हणजे दुसऱ्यांदा अपंगत्व आलं.

शिवाय ‘स्वीकारा’ हा शब्द कोणाच्या सोयीचा आहे, तेही पाहायला हवं. अमेरिकेत मज्जारज्जूच्या इजेनंतर पुनर्वसन केंद्रातला सरासरी मुक्काम 1970च्या दशकात 98 दिवसांचा होता. आता तो महिनाभरावर आला आहे. माणसं तिप्पट वेगाने शिकू लागली म्हणून? शरीर त्याच गतीने बरं होतं, पैसे देणाऱ्याचा धीर तेवढा कमी झाला. महिन्याभरात माणूस अजून धक्क्यातून सावरलेला नसतो. त्याला स्वतःचं मूत्राशय रिकामं करायला, पलंगावर वळायला, खुर्चीतून गाडीत सरकायला, कातडी आरशात तपासायला शिकायचं असतं. अशा वेळी ‘वास्तव स्वीकारा’ हे वाक्य चळवळीतल्या कार्यकर्त्याच्या तोंडून आलं तर तत्त्वज्ञान असतं. खर्च मंजूर करणाऱ्याच्या तोंडून आलं तर ती घरी पाठवायची चिठ्ठी असते. शब्द तेच.

आणि ही पोकळी कोण भरतं? आशेचे व्यापारी. एका बाजूने ‘जिद्द’ आणि दुसऱ्या बाजूने ‘आता काही नाही’, या दोन दगडांमधल्या फटीत स्टेम सेलची दुकानं उगवतात. 2014 साली एका तरुणीची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. पाय परत यावेत म्हणून तिच्या नाकातल्या आवरणाच्या पेशी मज्जारज्जूत बसवल्या होत्या. आठ वर्षांनी पाठदुखी वाढली म्हणून उघडून पाहिलं, तर तिथे नाकाच्या पेशींची गाठ वाढून शेंबडासारखा चिकट द्रव तयार करत होती. चालणं आलं नव्हतंच. ही गोष्ट सांगून मला संशोधन थांबवायचं नाही. नियमांत बसवून, नोंदी ठेवून, न जमलेलंही छापून ते झालंच पाहिजे. पण जो माणूस ‘पाय किंवा काहीच नाही’ एवढ्या दोनच पर्यायांत अडकला आहे, त्याला लुटणं सगळ्यात सोपं असतं. त्याला त्या पेचात आपणच अडकवलेलं असतं, ‘चालेल का?’ विचारून विचारून.

अंगावर चढवून चालायच्या सांगाड्यासारख्या यंत्रांबद्दलही थोडक्यात. 2014 साली अमेरिकेच्या नियामकाने असं एक यंत्र घरी वापरायला परवानगी दिली. अट अशी की, सोबत प्रशिक्षित माणूस हवा. उभं राहिल्याने कित्येकांना बरं वाटतं, समोरच्याच्या डोळ्यांत सरळ पाहता येतं, हे काही कमी नाही. पण वर्षानुवर्षं भार न पडलेली हाडं ठिसूळ झालेली असतात आणि उभं करण्याच्या उत्साहात ती मोडल्याच्या नोंदी आहेत. ज्याला हे कळलं आहे आणि तरी उभं राहायचं आहे, त्याने जरूर राहावं. त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला मीही येईन.

एका नटाची कथा या वादात दोन्ही बाजू वापरतात. ख्रिस्तोफर रीव्ह 1995 साली घोड्यावरून पडले, मानेच्या सगळ्यात वरच्या मणक्यांपाशी इजा झाली. 2000 साली एका जाहिरातीत संगणकाच्या करामतीने त्यांना चालताना दाखवलं, त्यावर मोठा गदारोळ झाला: खोटी आशा की गरजेची आशा? इकडे त्यांचा रोजचा व्यायाम चालूच होता. पाच वर्षांनी तर्जनी हलली. 2002 साली त्यांच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं की, शरीराच्या मोठ्या भागात स्पर्शाची जाणीव परतली आहे आणि पूर्ण मानलेली इजा आता अपूर्ण गटात मोडते. आशावाद्यांचा हा विजय मी मनापासून मान्य करतो. त्या काळी इतक्या उशिरा असं होईल असं कोणी म्हणत नव्हतं. ऑक्टोबर 2004 मध्ये ते गेले. तेव्हा त्यांच्यावर दाबाने झालेल्या जखमेतल्या संसर्गाचे उपचार चालू होते. जगातले उत्तमोत्तम डॉक्टर, यंत्रं आणि परिचारिका हाताशी असलेला माणूस! जग त्यांच्या पायांकडे पाहत वाद घालत होतं, आणि धोका होता तो गुटमननी 1944 साली हेरलेल्या जागीच.

मग मोजायचं कशात? ज्यांचा हा रोजचा धंदा आहे, त्यांच्याकडे माप आहे. मज्जारज्जूच्या इजेनंतरचं स्वावलंबन मोजणारा ‘स्किम’ नावाचा तक्ता जगभरच्या केंद्रांत वापरतात. एकूण गुण 100. खाणं, अंघोळ, कपडे, स्वतःची निगा यांना 20. श्वास, लघवी आणि शौच यांना 40. हालचालीला 40, त्यातही पलंगावर वळणं आणि कातडी जपण्यासाठी अंग उचलणं याला 6, तर जिने चढण्या-उतरण्याला 3. तक्ता काही देवाने दिलेला नाही, वेदना आणि लैंगिक सुख त्यात नाहीतच, ही त्याची मोठी उणीव आहे. तरी वॉर्डाच्या दारात उभ्या असलेल्या घरच्यांच्या हातात तो दिला, तर निदान विचारायला प्रश्न मिळतील: त्याला स्वतः कॅथेटर घालता येईल का? रात्री कुशीवर कोण वळवणार, आणि पुढच्या महिन्यात तो स्वतः वळेल का? हाताची शस्त्रक्रिया होण्याजोगी आहे का, आणि कधीपर्यंत? पायांत काय शिल्लक आहे, त्यावर किती काळ काम करायचं आणि पुन्हा कधी तपासायचं?

त्या व्हिडिओतल्या माणसाला या तक्त्यात किती गुण आहेत, हे मात्र त्याखाली भांडणाऱ्या हजारांपैकी अजून कोणी विचारलेलं मी पाहिलेलं नाही.